खर्जाच्या तारा, नाजूक कान

गेल्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळची गर्दी ओसरली होती, बाहेर पाऊस लागला होता आणि मी दवाखाना आवरायच्या बेतात होतो. तेवढ्यात जवळच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेचे एक गुरुजी डावे मनगट धरून आत आले. वय चौतीस-पस्तीस. पहिली-दुसरीचे वर्ग घेतात. सोबत त्यांची पत्नी होती. अंगठ्याच्या मुळाशी महिनाभर दुखत होते, मोटारसायकलचा क्लच दाबतानाही कळ येत होती. फळ्यावर उजव्या हाताने लिहिणाऱ्या माणसाचे डावे मनगट का दुखावे, असे मी विचारले, तेव्हा ते जरा संकोचून हसले.

"डॉक्टर, ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. तुम्हीपण वाजवायचात असे ऐकले, म्हणून तुमच्याकडे आलो."

ऐकले ते खरे होते. मिरजेला वैद्यकीय महाविद्यालयात असताना वसतिगृहातल्या एका गोव्याच्या मित्राने माझ्या गळ्यात हे वाद्य अडकवले. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचे गाव. त्या गावात राहून मी खर्ज शिकलो तो मात्र चार जाड पोलादी तारांवर. पुढे प्रॅक्टिस सुरू झाल्यावरही बारा-तेरा वर्षे मी हौस म्हणून वाजवत होतो. आमच्या सिंधुदुर्गात अशा हौशी मंडळींची वाण नाही. कोणी बँकेत, कोणी वीज मंडळात, कोणाचे मोबाईलचे दुकान. गणपतीचे दिवस, गावोगावच्या जत्रा, लग्नाच्या आदल्या रात्रीचे कार्यक्रम आणि डिसेंबरात बांद्यापलीकडे गोव्यातली एखादी पार्टी, असा यांचा हंगाम असतो. पैसे फार मिळतात असे नाही. तरी शनिवारची वाट सगळे सोमवारपासून पाहतात.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडेसे सांगतो. ऑर्केस्ट्रात गिटार दोन असतात. एक सहा तारांची, तिच्यावर धून वाजते आणि टाळ्या तिला मिळतात. दुसरी लांब मानेची, बहुधा चार तारांची. हीच बेस गिटार. अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांच्या कारखान्याने 1951 साली विक्रीला आणलेल्या बेस गिटारमुळे हे वाद्य जगभर पसरले. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, म्हणजे पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाहूनही तो स्वर खाली असतो. हिंदी चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ हे वाद्य वाजवत. त्यांची साथ आपण सर्वांनी ऐकलेली आहे, फक्त ती ऐकतो आहोत हे आपल्याला ठाऊक नसते. बेस बंद पडला की लोकांना काहीतरी पोकळ वाटू लागते, एवढेच.

मनगटाकडे परत येतो. गुरुजींना मी अंगठा मुठीत दाबून मूठ करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितली. ते "आई गं" करून उठलेच. अंगठ्याच्या दोन स्नायुरज्जूंना, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना, मनगटाशी असलेल्या आवरणात सूज आली होती. मग त्यांनी मोबाईलवर स्वतःचे फोटो दाखवले आणि कारण समजले. बेस मांडीपर्यंत लोंबत होती. पट्टा इतका लांब सोडला की पहिल्या पडद्यापर्यंत पोचण्यासाठी डावे मनगट जवळजवळ काटकोनात मुडपावे लागते. वाद्याचे वजन साधारण चार किलो. एकेका तारेचा ताण पंधरा-वीस किलोच्या घरात. अशा तारा मुडपलेल्या मनगटाने तीन तास दाबल्या तर मनगट तक्रार करणारच.

यावर औषधापेक्षा पट्टा आखूड करणे जास्त उपयोगी पडते. खुर्चीवर बसून वाजवताना वाद्य जिथे येते, तिथेच ते उभे राहूनही यावे, हे साधे माप. पट्टा तीन-चार इंच रुंद असावा, म्हणजे डाव्या खांद्यात तो रुतत नाही. बोट पडद्याच्या अगदी लगत मागे ठेवले तर निम्म्या जोरात स्वर स्वच्छ येतो. नवशिके दोन पडद्यांच्या मध्यावर दाबतात आणि मग अंगठ्याने मागून चिमटा काढतात. कार्यक्रमाआधी दहा मिनिटे सोप्या चाली हळू वाजवाव्यात. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री झोपेत बधिर होऊन जाग येत असेल तर मात्र ते दुखणे वेगळे. मनगटातल्या बोगद्यात मज्जातंतू दाबला जात असावा. अशा वेळी मधुमेह आणि थायरॉईडही तपासून घ्यावेत. गुरुजींना मी तीन आठवडे वाजवणे बंद, अंगठ्याला आधाराची पट्टी आणि थंड शेक असे सांगितले, आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

चिठ्ठी लिहिता लिहिता मी मान खाली घालूनच विचारले, "पोटाचा काही त्रास? आम्लपित्त?" गोळी देण्याआधी हे विचारावे लागते. उत्तर आले नाही. मी पुन्हा विचारले. पत्नी म्हणाली, "ह्यांका आयकाकच येणा नाय, डॉक्टर. घरात टीव्ही असो लावतत की शेजारी ओरडतत."

गुरुजी रागावले. म्हणाले, "ऐकू येते मला. लोक तोंडातल्या तोंडात बोलतात."

वाचकहो, हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. लोक पुटपुटतात, मुले नीट बोलत नाहीत, हल्लीच्या टीव्हीचा आवाजच खराब आहे. ज्याचे कान जात असतात त्याला ते जगाचा दोष म्हणूनच कळते. मी कंपनकाटा वाजवून त्यांच्या कानाशी धरला. उत्तम ऐकू आला. मग खणातले माझ्या वडिलांचे किल्लीचे घड्याळ काढले आणि त्यांना डोळे मिटायला सांगितले. डाव्या कानाला त्याची टिकटिक वीतभर अंतरावरून कळली. उजव्या कानाला घड्याळ टेकवले तरी कळली नाही. ते डोळे मिटून वाट पाहत बसले होते आणि घड्याळ केव्हाचे लावलेले होते. पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही.

काटा ऐकू आला आणि घड्याळ का नाही, याचे उत्तर आतल्या कानाच्या रचनेत आहे. कानाच्या पडद्यामागे तीन चिमुकली हाडे आणि त्यांच्यामागे गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. एकेका कानात एवढाच साठा, आणि तो जन्माबरोबर मिळालेला. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच स्वर टिपतात, आत टोकाकडच्या पेशी खर्ज टिपतात. मोठ्या आवाजाने आधी मरतात त्या तोंडाकडच्या. भाताच्या खाचरातून माणसे रोज ये-जा करू लागली की वाटेलगतची रोपे आधी आडवी होतात, तसे समजा. एकदा तुडवले गेलेले रोप कधी कधी दोन दिवसांत पुन्हा उभे राहते. रोज तुडवले तर राहत नाही. फरक एवढाच की शेतात पुढच्या वर्षी नवी लावणी करता येते. पक्ष्यांच्या कानात नव्या केसपेशी येतात. माणसाच्या कानात येत नाहीत.

आता आपल्या भाषेकडे पाहा. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरदार असतात. स, श, फ, थ, ख ही अक्षरे म्हणजे हवेची बारीक कुजबुज, आणि ती वरच्या पट्टीत असते. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी गेल्या की बोलणे ऐकू येते, पण समजत नाही. 'साठ' आणि 'आठ' सारखेच वाटतात. म्हणून असा माणूस "मोठ्याने बोला" म्हणत नाही, "नीट बोला" म्हणतो.

गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डॉक्टर, खरे सांगू? पहिलीची पोरे वाचतात, तेव्हा मागच्या रांगेतला 'स' म्हणाला की 'फ', हे मी ओठ बघून ठरवतो. पोराने पुस्तक तोंडासमोर धरले की मला कळत नाही. मी 'छान' म्हणून पुढे जातो."

एवढे बोलून त्यांनी पत्नीकडे पाहिले. तिलाही हे नवीन होते.

खर्ज वाजवणाऱ्याचे उंच स्वर का जातात?

हा प्रश्न त्यांनी मला विचारला आणि तो योग्यच होता. आपण तर खालचे स्वर वाजवतो, मग वरच्या पट्टीची श्रवणशक्ती का जावी?

त्याचे कारण शेजाऱ्यात आहे. बेसवाला आणि ड्रमवाला ही जोडी असते. ड्रमरचा पाय जिथे पडतो, तिथेच बेसचा ठोका पडावा लागतो, म्हणून बेसवाला त्याच्या लगत उभा राहतो, बहुधा हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने मिटणाऱ्या जोडझांजेच्या बाजूला. ड्रमर उजव्या हाताचा असेल तर ही जोडझांज त्याच्या डावीकडे असते आणि प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या बेसवाल्याचा उजवा कान तिच्याकडे येतो. वरच्या मोठ्या सिंबलवर काठी पडली की हातभर अंतरावर आवाज सहज 100 डेसिबलच्या पुढे जातो. तीन तासांत अशी काठी किती वेळा पडते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

दुसरे कारण आपल्या कानाच्या स्वभावात आहे. माणसाचा कान खालच्या स्वरांना मुळातच कमी संवेदनशील असतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1933 साली हे मोजून मांडले. बारीक आवाजातली बासरी जितकी स्पष्ट ऐकू येते तितकाच खर्ज ऐकू यावा, तर त्यामागे कितीतरी जास्त ताकद लावावी लागते. त्यात बेसचा अ‍ॅम्प्लिफायर जमिनीवर, वाजवणाऱ्याच्या पायाशी ठेवलेला असतो. त्याचा स्पष्ट आवाज गुडघ्यांवर आदळतो आणि पुढे प्रेक्षकांत जातो. गुडघ्यांना कान नसतात. म्हणून बेसवाला आपला आवाज वाढवतो. मग गिटारवाल्याला स्वतःचे ऐकू येत नाही, तो वाढवतो. गायक मॉनिटर वाढवायला सांगतो. ड्रमर काठी जोरात मारतो. दुसऱ्या गाण्यापर्यंत रंगमंचावर लढाई सुरू झालेली असते आणि त्यात सगळे हरतात.

आता थोडा हिशेब. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेतल्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने सुचवलेली मर्यादा अशी आहे: 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालेल. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा तास आणि 100 डेसिबलला पंधरा मिनिटे. 3 डेसिबल म्हणजे कानाला जेमतेम जाणवणारा फरक, पण त्यात आवाजाची शक्ती दुप्पट होते. 100 डेसिबलमध्ये तीन तास उभे राहणारा वादक बारा दिवसांचा वाटा एका रात्रीत संपवतो. गणपतीत असे लागोपाठ पाच-सहा कार्यक्रम होतात.

आपल्याकडे 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक नको, मोजक्या सणांच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत, हे आता गावच्या मंडळांनाही तोंडपाठ आहे. हे नियम शेजाऱ्याच्या झोपेसाठी आहेत. रंगमंचावर उभ्या असलेल्या वादकाच्या कानाचा त्यात विचार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली करमणुकीच्या ठिकाणांसाठी मानक सुचवले, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. आमच्या मांडवात हे कोणी वाचलेले नाही. हौशी वादकाला मालक नाही, कामगार म्हणून त्याची नोंद नाही आणि वर्षातून एकदा त्याचे कान तपासणारा कारखान्याचा डॉक्टरही नाही. त्याची काळजी त्यालाच घ्यावी लागते.

हे दुखणे दुखत नाही, हीच पंचाईत आहे. कार्यक्रमानंतर कानात कापूस घातल्यासारखे दडे बसतात, बारीक शिट्टी वाजते आणि सकाळपर्यंत किंवा दोन दिवसांत सगळे ठीक वाटते. आम्हाला कॉलेजात शिकवले होते की ऐकणे पूर्ववत झाले म्हणजे कान बरा झाला. 2009 साली कुजावा आणि लिबरमन या शास्त्रज्ञांनी उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा वेगळेच दिसले. चाचणीत कान पूर्ववत झालेला, केसपेशीही जागेवर, पण त्या पेशींना मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंशी जोडणारे असंख्य सांधे कायमचे तुटलेले. माणसात हे नेमके किती घडते यावर अजून संशोधन चालू आहे. पण शांत खोलीत सगळे ऐकू येणाऱ्या आणि लग्नाच्या पंगतीत काहीच न समजणाऱ्या माणसांचे कोडे त्यामुळे थोडे सुटू लागले आहे.

अमेरिकेत कॅथी पेक नावाची बेसवादक होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'कॉन्ट्रॅक्शन्स' या मुलींच्या बँडमध्ये ती वाजवत आणि गात असे. 1984 साली ओकलंडला 'डुरान डुरान' या प्रसिद्ध बँडच्या आधी यांचा कार्यक्रम झाला. त्यानंतर तिच्या कानातला आवाज थांबला नाही आणि श्रवणशक्ती घटत गेली. 1988 साली तिने एका डॉक्टरच्या साथीने वादकांच्या कानांसाठी 'हिअर' ही संस्था काढली. मोठ्या बँडमधल्या वादकांनीही मग आपापले कान गेल्याचे उघडपणे कबूल केले. तोवर वादकाने बहिरे होणे म्हणजे सैनिकाने जखम मिरवणे, अशी समजूत होती.

माझी कबुलीही इथेच देतो. मी वाजवणे सोडले ते दवाखाना वाढला म्हणून, असे मी लोकांना सांगतो. खरे कारण माझ्या उजव्या कानात आहे. एका जत्रेहून पहाटे घरी आलो, तेव्हा दूर कुठेतरी रातकिडा ओरडत होता. खिडकी लावली तरी तो थांबेना. तो अजून ओरडतो आहे. दिवसा रुग्णांच्या गडबडीत त्याची आठवण नसते. रात्री दिवा मालवला की तो असतोच. पहिले वर्ष वाईट गेले. झोप लागत नसे, चिडचिड होत असे. मी स्वतः डॉक्टर असून जीवनसत्त्वाच्या गोळ्या, रक्ताभिसरणाच्या गोळ्या, सगळे करून पाहिले. काही उपयोग झाला नाही. ही शिट्टी बंद करणारी गोळी आजही निघालेली नाही आणि तसा दावा करणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. निजताना पंखा किंवा हलके संगीत सुरू ठेवावे, निपचित शांततेत पडून राहू नये, चहा-कॉफीने झोप उडत असेल तर संध्याकाळी ती घेऊ नये. हळूहळू मेंदू त्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मला दीड वर्ष लागले.

गुरुजींची तपासणी आणि पुढे

गुरुजींना मी कानाच्या तज्ज्ञांकडे पाठवले. बंद खोलीत कानाला यंत्र लावून वेगवेगळ्या स्वरांना ऐकणे कुठे सुरू होते, याचा आलेख काढतात. वीस-पंचवीस मिनिटे लागतात, दुखत काही नाही. त्यांचा आलेख पाहून मला आश्चर्य वाटले नाही. खालच्या स्वरांना रेघ सरळ, मग 4000 कंपनांपाशी एकदम खड्डा, पुढे पुन्हा थोडी वर. आवाजाने गेलेल्या कानाची ही सहीच आहे. वयाने जाणाऱ्या कानात रेघ खाली जाते ती परत वर येत नाही. उजव्या कानाचा खड्डा खोल होता, डाव्याचा उथळ. म्हणजे डावा कान अजून वाचवण्यासारखा होता.

"वाजवणे सोडू का?" त्यांनी विचारले. तोंड असे झाले होते की मीच क्षणभर गप्प झालो. सोडायला सांगणे डॉक्टरला सोपे असते. पण हा माणूस आठवडाभर साठ मुलांना अक्षरे गिरवायला लावतो आणि शनिवारी रात्री चार मित्रांबरोबर एका तालात उभा राहतो. त्याचेही त्याच्या प्रकृतीला काही देणे लागते, असे माझे मत आहे. म्हणून सोडू नका म्हणालो, पण अटी घातल्या.

पहिली अट कानातल्या बोळ्यांची. कापसाचा बोळा निरुपयोगी, त्याने आवाज नावापुरता घटतो. औषधाच्या दुकानात किंवा कारखान्याचे सामान विकणाऱ्यांकडे स्पंजचे बोळे अगदी स्वस्तात मिळतात. ते घालायची रीत आहे. बोटांत वळून वातीसारखे बारीक करायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट दाबून ठेवायचे. नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवला तर काही होत नाही. स्पंजचा दोष असा की तो वरचे स्वर जास्त अडवतो आणि संगीत गोधडीखालून आल्यासारखे वाटते. वादकांसाठी वेगळे, गाळणी बसवलेले बोळे मिळतात. त्यांनी सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच घटतात. महाग पडतात, पण तारांच्या एका चांगल्या संचाएवढेच. बेसवाल्याला इथे एक सवलतही आहे. खर्ज पायांतून, छातीतून, हाडांतूनही कळतो. कान झाकले तरी आपला स्वर हरवत नाही. पहिले दोन-तीन कार्यक्रम विचित्र जातात, मग सवय होते. तालमीपासूनच सवय लावावी, थेट रंगमंचावर नको.

दुसरी अट उभे राहण्याच्या जागेची. सिंबलपासून हातभराऐवजी तीन हात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. अ‍ॅम्प्लिफायर स्टुलावर किंवा मागे तिरका, कानाच्या दिशेने. मग बटण निम्म्यावर आणता येते. तालमीची खोली पत्र्याची असेल तर भिंतींना गोधड्या लावाव्यात आणि तासाला दहा मिनिटे बाहेर यावे. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी कानांना सुट्टी, म्हणजे हेडफोनही नको. मोबाईलवर आवाज मोजण्याची सोय असते, अंदाजापुरती ती चांगली आहे. वर्षातून एकदा आलेख काढावा.

कानात तेल ओतणे, काडीने मळ काढणे यांनी फायदा नाही, इजा मात्र होऊ शकते. आणि एक महत्त्वाचे. एका कानाने अचानक, काही तासांत किंवा एका रात्रीत ऐकू येईनासे झाले तर सर्दीने दडा बसला असेल म्हणून आठवडाभर थांबू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कानाच्या डॉक्टरकडे जावे. तिथे औषध लवकर सुरू झाले तर कान परत येण्याची आशा असते.

कानाचा विषय नसला तरी मांडवातल्या विजेबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. बेसच्या पोलादी तारांवर हात आणि ओठ माइकला, अशा अवस्थेत दोन्ही यंत्रे वेगवेगळ्या ठिकाणाहून वीज घेत असतील आणि कुठे अर्थिंग तुटलेले असेल, तर शरीरच तार बनते. 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे 1972 साली स्वान्सी येथे भर कार्यक्रमात असाच गेला. आमच्याकडे पावसाळ्यात ओल्या जमिनीवर, जनरेटरवर, सोललेल्या वायरी बोर्डात खुपसून कार्यक्रम होतात. रंगमंचाच्या सगळ्या यंत्रांना एकाच ठिकाणाहून वीज घ्यावी, तीन पिनांतली अर्थिंगची पिन तोडू नये आणि गळती होताच वीज तोडणारे, 30 मिलिअ‍ॅम्पिअरचे यंत्र बोर्डाला असावे. ओठांना मुंगी चावल्यासारखे झाले तर गाणे तिथेच थांबवावे.

गुरुजींचे मनगट महिन्याभरात सुटले. पट्टा वर आला, त्यावर गिटारवाल्याने त्यांची थट्टाही केली. उजवा कान होता तिथेच आहे, तो सुधारणार नाही हे त्यांना स्पष्ट सांगितले आहे. पुढे यंत्र लावावे लागेल का, ते पुढच्या आलेखावर ठरेल. शाळेत त्यांनी एक बदल केला. मुलांच्या रांगा मोडून वर्ग गोलात बसवला आणि स्वतः अशा जागी बसू लागले की सगळ्या मुलांकडे डावा कान येतो. वाचताना पुस्तक खाली, हनुवटी वर, असा नियम आहे. मुलांना वाटते, हा नवा सरकारी उपक्रम आहे.

गणपतीत त्यांच्या मंडळाचा कार्यक्रम पाहायला मी मुद्दाम गेलो. बेसवाला आणि ड्रमर यांच्यात आता जागा होती आणि दोघांच्याही कानांत पिवळे बोळे दिसत होते. ड्रमरने ते गुरुजींचा आलेख पाहून स्वतःहून घेतले. मीही खिशातले दोन काढून घातले आणि चौथ्या रांगेत बसलो. गिटारवाला विचार करतो आहे, असे कळते. गायक मात्र बधत नाही. त्याच्या कानाला काही झालेले नाही, असे तो सांगतो. त्याच्या बायकोला मी अजून विचारलेले नाही.